डोक्याची इजा आणि चेतापेशींचा प्रथिन-सांगाडा

चेतापेशीला आकार देणारी आणि तिच्या अक्षतंतूतून, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्यातून, मालाची ने-आण चालू ठेवणारी प्रथिने म्हणजे तिचा सांगाडा. सुमारे 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका, त्यांना सावरणारे टाऊ, 10 नॅनोमीटरचे न्यूरोफिलामेंट हे बारीक धागे आणि पटलाखालची अ‍ॅक्टिन-स्पेक्ट्रिनची जाळी, अशी ही रचना असते.

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेला दुचाकीस्वार पुष्कळदा खोक न पडता उठतो. मुका मार आहे म्हणून घरचे निर्धास्त होतात. सीटी स्कॅनही स्वच्छ येतो. पण सीटीला रक्तस्राव दिसतो, अक्षतंतू दिसत नाही. गुऱ्हाळावर पाकाची तार सावकाश ओढली तर लांबते, हिसका दिला की तुटते, अक्षतंतूचेही तसेच. एकाएकी ताण आला की सूक्ष्मनलिका मोडतात, मोडल्या जागी माल तुंबतो आणि तंतूला फुगीर गाठी येतात.

खरा घात मात्र पुढच्या काही तासांत होतो. पेशीत कॅल्शियम शिरते, त्याने जागे झालेले कॅलपेन हे विकर (एन्झाइम) स्पेक्ट्रिन आणि न्यूरोफिलामेंट कापत सुटते. म्हणजे बरेचसे तंतू धडकेच्या क्षणी नव्हे, मागाहून तुटतात. सुटे झालेले टाऊ फॉस्फेट चिकटून गुठळ्या करू शकते. वारंवार ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्ये केले. अशा मेंदूंत टाऊच्या गुठळ्या सापडतात हे नंतर कळले. बेळगावच्या तांबड्या मातीतल्या कुस्तीला हा निष्कर्ष सरसकट लावू नये. तिथे पाठ टेकवायची असते, डोक्यावर ठोसे मारायचे नसतात.

चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूतल्या तारकापेशी उलट वागतात. त्यांच्यातले जीएफएपी हे तंतुप्रथिन वाढते, पेशी जाड होतात, गंभीर इजेभोवती व्रणाची भिंत उभी राहते. ही भिंत नव्या तंतूंना अडवते असे पूर्वी ठामपणे म्हटले जाई. दाह पसरू न देण्याचे कामही तीच करते, हे आता मान्य आहे.

फुटलेल्या पेशींतली ही प्रथिने रक्तात उतरतात. जीएफएपी काही तासांतच वाढते, न्यूरोफिलामेंटचा हलका घटक दिवसा-आठवड्यांनी. जीएफएपी आणि यूसीएच-एल1 या प्रथिनांवरच्या रक्तचाचणीला अमेरिकेत 2018 मध्ये परवानगी मिळाली, ती सौम्य इजेत सीटीची गरज आहे का हे ठरवण्यापुरती. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून स्कॅनसाठी बेळगाव गाठणाऱ्याला अशी चाचणी जवळ मिळाली तर खेप वाचेल. मात्र उलट्या, गुंगी किंवा बरळणे सुरू झाले तर चाचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.