पीसीओएसमधील वजन-नियमन

बहुपुटी बीजांडकोश लक्षणसमूहात (बोलीत पीसीओएस किंवा पीसीओडी) पाळी नियमित व्हावी, रक्तातील साखर व पुरुषी संप्रेरके आटोक्यात राहावीत, यासाठी आहार, व्यायाम व प्रसंगी औषधे यांच्या आधारे वजन सांभाळण्याची पद्धती. नावातील ‘पुटी’ फसवी आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका (बीजांड ज्यात वाढते त्या सूक्ष्म पिशव्या) असतात. त्या काढून टाकण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

पूर्वेतिहास : इटलीतील अंतोनियो व्हालिस्नेरी यांनी १७२१ च्या सुमारास एका स्थूलशा, अपत्यहीन शेतकरी तरुणीच्या मोठ्या व खडबडीत बीजांडकोशांचे वर्णन केले. काही अभ्यासक तीच पहिली नोंद मानतात. पण एका वर्णनावरून निदान करणे धाडसाचेच. त्यापेक्षा फ्रान्समधील अशार व तिएर यांची १९२१ ची ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ ही नोंद वजनाच्या विषयाला अधिक जवळची आहे. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यावरून विकाराला बराच काळ त्यांचेच नाव होते. इन्सुलिनची वाढलेली पातळी व पुरुषी संप्रेरके यांचा संबंध मात्र १९८० मध्ये स्पष्टपणे मांडला गेला.

निकषांविषयी एकमत उशिरा झाले. १९९० चे अमेरिकी निकष, २००३ चे रॉटरडॅम निकष (अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य व सोनोग्राफीत दिसणाऱ्या अनेक बीजपुटिका या तीनपैकी कोणतीही दोन लक्षणे) व २००६ चे पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्यावर भर देणारे निकष यांनुसार रुग्णसंख्या बदलते. मुंबईतील १५ ते २४ वयोगटाच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रॉटरडॅमनुसार २२.५ टक्के, तर २००६ च्या निकषांनुसार १०.७ टक्के प्रमाण आढळले. ‘पाचांतील एकीला पीसीओएस’ असा आकडा वाचताना म्हणूनच निकष आधी पाहावा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार प्रौढांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणी चालते. किशोरींमध्ये निदानासाठी दोन्ही वापरू नयेत.

विकार आधी की वजन आधी : वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशातील पुरुषी संप्रेरकांची निर्मिती वाढवते आणि त्यांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनू देते. पोटावरची चरबी इन्सुलिनचा परिणाम आणखी मंद करते. जनुकीय विश्लेषणे वजनवाढीमुळे विकाराचा धोका वाढतो या बाजूला झुकतात. उलट दिशेचा पुरावा कमकुवत आहे. चयापचय मुळातच मंद असतो हे मत लोकप्रिय असले तरी अभ्यासांत सातत्याने टिकलेले नाही. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो; त्यांना वजन घटवण्याचा सल्ला देण्यात अर्थ नाही.

मोजमाप : भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरतात; १५५ सेंमी उंचीला हे अनुक्रमे सुमारे ५५ व ६० किलो. कंबर ८० सेंमीच्या आत असावी. शेवटची बरगडी व नितंबाचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, फीत आडवी धरून ती मोजावी. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी. पहिले उद्दिष्ट ५ ते १० टक्के घटीचे : ७० किलोला साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते. उपाशीपोटीच्या साखरेत दोष निसटू शकतो, त्यामुळे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची.

आहार : कोणताही एक आहार इतरांहून सरस ठरलेला नाही. रोजच्या गरजेतून ५०० ते ७५० किलोकॅलरी कमी करणे पुरते. गळती बहुधा तेलात असते : एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. माणशी महिना अर्धा लिटर धरला की दिवसाला असा जेमतेम एक चमचा येतो. भारतीय शिफारशीनुसार प्रथिने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे सात मिळतात, तेव्हा पातळ वरणाच्या एका वाटीने भागत नाही. उसळ, अंडी, मासळी, दही यांची जोड लागते. ठाणे-वाशी लोकलने घरी परतणाऱ्यांची खरी अडचण संध्याकाळी सहाची असते. स्टेशनवरच्या वडापावऐवजी पर्समध्ये मूठभर फुटाणे असले, तर रात्री साडेनऊच्या जेवणावर तुटून पडणेही टळते. उपवासाची साबुदाणा खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्ट, शेंगदाणे आणि तूप. हलकी मुळीच नाही.

व्यायाम : वजन घटवण्यासाठी आठवड्याला २५० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतका वेग. शिवाय लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी बैठका, भिंतीला टेकून जोर असे स्नायूंचे व्यायाम. ठाण्यात तलावपाळी, कचराळी व उपवन, नवी मुंबईत वाशीचा मिनी सीशोअर, नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई व खारघरचे सेंट्रल पार्क चालण्यास सोयीचे. पावसाळ्यात हा क्रम हमखास मोडतो; तेव्हा इमारतीचा जिना उपयोगी पडतो.

औषधे : मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध ५०० मिग्रॅपासून, जेवणासोबत सुरू करून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने ५०० ने वाढवतात. एकदम वाढवल्यास जुलाब, मळमळ होऊन गोळी सुटते. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारींनी, जीवनसत्त्व बी-१२ तपासावे. मेटफॉर्मिनमुळे वजन थोडेच उतरते. इनोसिटॉल या पूरकाविषयीचा पुरावा मर्यादित आहे. भूक कमी करून वजन उतरवणारी जीएलपी-१ वर्गातील इंजेक्शने घेताना गर्भनिरोधन आवश्यक असते, कारण वजन उतरताच बीजोत्सर्ग परतू शकतो. पाळी येत नाही म्हणून गर्भ राहणार नाही, हा समज इथेच महागात पडतो.