टॅरोचे पत्ते: डावापासून कॉमिकच्या चौकटीपर्यंत

टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांची गुप्तविद्या, ही समजूत 1781 मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान कूर द जेबेलँ याने पसरवली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 मध्ये. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागात, डाव खेळायला तयार झाले. पानं 78: हुकमाची 21, मूर्खाचं एक, आणि कप, नाणी, तलवारी, दांडकी यांची 56.

कॉमिकला खरा उपयोग झाला तो 1909 च्या लंडनच्या संचाचा. ए. ई. वेट यांनी कल्पना दिली, चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ यांनी. स्मिथ यांना मोबदला अगदीच तुटपुंजा मिळाला. त्याआधी सत्ती-अठ्ठी म्हणजे सात-आठ कप मांडले की झालं. पंधराव्या शतकाअखेरचा सोला बुस्का संच हा ठळक अपवाद. स्मिथ यांनी प्रत्येक पानावर एक प्रसंग रंगवला, ठळक काळ्या रेघेत आणि सपाट रंगांत. कॉमिकची चौकट याहून वेगळं काय करते?

खानदेशी कथेत ही चित्रं नाव न घेता वापरावीत. दांडक्यांच्या दश्शीत ओझ्याखाली वाकलेला माणूस आहे. तो पऱ्हाटीचा भारा वाहणारा शेतकरी म्हणून काढला, तर धुळे-जळगावच्या वाचकाला पत्ता ठाऊक असायची गरज उरत नाही. मृत्यूच्या पत्त्यावर सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसतो. दुसऱ्याच पानावर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तसा घोडा मागे उभा करा, पण लगेच कुणाला मारू नका. या पत्त्याचा रूढ अर्थ बदल असा आहे, आणि घाईने मारलं तर जाणकाराला पुढचं आधीच कळतं.

मूर्खाचा पत्ता मात्र जसाच्या तसा उतरवला की अडतो. तो कड्याच्या टोकावर डावीकडे तोंड करून उभा आहे. मराठी पान डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे तो वाचकाच्या विरुद्ध चालल्यासारखा दिसतो. तोरणमाळच्या सीताखाईच्या कडेला उभा करायचा असेल, तर चित्र उलटं फिरवून घ्यावं.

मापाचाही घोळ होतो. नेहमीचं पान साधारण 70 × 120 मिमी, म्हणून ए5 आकारात (148 × 210) दोन ओळी मावतच नाहीत. 55 × 94 केलं की चार चौकटी नीट बसतात, पण खालची नावाची पट्टी वाचता येत नाही. ती काढून टाकावी. चित्र नावाशिवाय कळत नसेल, तर पुन्हा काढावं.

मोठ्या पत्त्यांवर, म्हणजे हुकमाची 21 आणि मूर्ख मिळून 22 पानांवर, अख्खी मालिका उभी करताना आधी मोजणी करावी. हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजो’ या जपानी कॉमिकच्या तिसऱ्या भागात (1989–1992) पात्रांच्या शक्तींना या 22 पानांची नावं होती. पानं संपली, शत्रू संपेनात, म्हणून पुढच्यांना नऊ इजिप्शियन देवांची नावं द्यावी लागली. इजिप्त इथेही सुटला नाही! ॲलन मूर आणि जे. एच. विल्यम्स तिसरे यांनी ‘प्रोमेथिया’ या कॉमिकच्या बाराव्या अंकात तीच 22 पानं क्रमाने घेऊन विश्वाचा इतिहास सांगितला. तिथे क्रम हाच कथेचा सांगाडा होता, त्यामुळे पानं कमी पडण्याचा प्रश्नच आला नाही.