दगडावर दगड आपटून घडणारी खडी

मुंबईच्या इमारतींत सिमेंटपेक्षा दगडच जास्त असतो. काँक्रीटच्या आकारमानात खडी आणि वाळूचा वाटा 60 ते 75 टक्के. आपल्याकडची खडी म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मजबुतीबद्दल शंकाच नाही. अडचण त्याच्या फुटण्यात आहे. नुसता दाबून फोडला तर त्याच्या चपट्या, धारदार कपच्या निघतात.

कपची काँक्रीटमध्ये आडवी पडते. तिच्याखाली पाणी साचतं आणि ते सुकलं की पोकळी उरते. शिवाय कपच्यांमधल्या फटी भरायला सिमेंट जास्त लागतं, आणि पंपाच्या पाइपात माल अडकतो. चाळीसाव्या मजल्यावर काँक्रीट चढवणाऱ्या शहराला हे परवडत नाही. खडी-वाळूसाठीच्या आयएस 383 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीने चपट्या आणि लांबट तुकड्यांचं एकत्रित प्रमाण 40 टक्क्यांवर रोखलं. माझ्या मते उंच इमारतींसाठी ही मर्यादाही सैलच आहे.

खाणीतला मोठा दगड आजही जॉ क्रशरच, म्हणजे जबड्यासारखा दाबणारा क्रशरच फोडतो. त्याचं पेटंट एलाय व्हिटनी ब्लेक यांनी अमेरिकेत 1858 साली घेतलं होतं. पुढचं काम कोन क्रशरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या क्रशरचं. आता त्याच्या दोन पृष्ठभागांमधली फट यंत्र चालू असतानाच हायड्रॉलिकने कमी-जास्त करता येते.

खरी झेप मात्र व्हीएसआयची, म्हणजे उभ्या दांड्यावर फिरणाऱ्या क्रशरची. त्याचा रोटर, म्हणजे गरगर फिरणारा भाग, दगड सेकंदाला 50 ते 70 मीटर वेगाने बाहेर भिरकावतो. समोर पोलादी भिंत नसते, आधीच साचलेल्या दगडांचा थर असतो. दगडावर दगड आपटतो, कपच्यांच्या कमकुवत कडा तुटतात आणि घनासारखी खडी उरते. मार दगडच झेलत असल्याने पोलादाची झीज कमी होते. कल्पना किती साधी आणि किती अचूक!

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूही याच यंत्रातून निघते, आणि ती खाडीच्या वाळूऐवजी वापरता येते. खाडीच्या वाळूतलं मीठ सळ्यांना गंज चढवतं, आणि उपशाने खाडीचं नुकसान होतं ते वेगळंच. क्रश सँडमध्ये 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते. त्यापुढे ती पाणी पिऊ लागते. ती धुऊन काढली तर गाळ उरतो, म्हणून नव्या प्लांटमध्ये हवेच्या झोताने ती कोरडीच वेगळी करतात.

पावसाळ्यात दमट भुकटी चाळणीची भोकं बुजवते. त्यावर फ्लिप-फ्लो चाळणी हा चांगला तोडगा आहे. तिचे पॉलियुरेथेनचे पट्टे आळीपाळीने ताणले आणि सैल सोडले जातात, ओली चादर झटकावी तसे, आणि चिकटलेला माल उडून जातो.

पुनर्विकासात पाडलेल्या इमारतींचा राडारोडाही आता फिरत्या क्रशरमध्ये घालता येतो. त्यातल्या सळ्या चुंबक ओढून काढतो. जुन्या काँक्रीटची ही खडी एम 25 या मजबुतीच्या प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत वापरायला 2016 च्या मानकाची परवानगी आहे. तिला चिकटलेला सिमेंट-वाळूचा जुना मसाला जास्त पाणी शोषतो. तो खरवडून काढायलाही दगडावर दगड आपटण्याचीच युक्ती कामी येते.