तालिलिन रेल्वे, वेल्स : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

ब्रिटनच्या सहलीत तालिलिन रेल्वेचा दिवस ज्यांनी निवडला आहे, त्यांनी हे पत्रक नागपूरहून निघण्यापूर्वी कृपया वाचावे. काही थोडे पगारी कर्मचारी सोडले, तर येथे इंजिन हाकणारे, कोळसा टाकणारे, गार्ड आणि रुळांलगतचे गवत कापणारे बहुतेक सर्व जण स्वयंसेवक आहेत आणि ते आपली रजा किंवा निवृत्तीचा वेळ या कामाला देतात. त्यामुळे गाड्या वर्षभर रोज धावत नाहीत. मुख्य हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतचा असतो आणि त्यातही प्रत्येक दिवसाचे वेळापत्रक वेगळे असू शकते. आम्ही सहलीची तारीख ते वेळापत्रक पाहूनच ठरवतो. ती नंतर बदलण्याचा आग्रह कृपया धरू नये.

डोंगरातील खाणीतून पाटीचा दगड टाविन गावापर्यंत आणण्यासाठी १८६५ मध्ये ही लाइन सुरू झाली. रुळांमधील अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे आपल्या पूर्वीच्या नागपूर–नागभीड छोट्या लाइनपेक्षाही (ती २०१९ मध्ये बंद झाली) तीन इंच कमी आहे. १९४६ मध्ये खाण बंद पडल्यावरही मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी पदरमोड करून गाडी चालू ठेवली. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा रेल्वेप्रेमींनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेऊन संस्था स्थापन केली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते.

जुन्या डब्यांत बसताना दारे एकाच बाजूला असल्याचे ध्यानात येईल. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले, तेव्हा पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागा नसल्याचे आढळले. पूल पाडून नव्याने बांधणे परवडणारे नव्हते, म्हणून एका बाजूची दारे कायमची बंद करण्यात आली आणि पुलाखालचे रूळ मध्यभागापासून थोडे सरकवून दुसऱ्या बाजूला जागा वाढवण्यात आली. ही तडजोड आजतागायत टिकून आहे. पूल येईल तेव्हा बंद बाजूच्या खिडकीतून पाहावे (हात आणि मोबाइल आत ठेवून), म्हणजे दगडी भिंत किती जवळून जाते ते कळेल.

बर्मिंगहॅमहून टाविनपर्यंतचा रेल्वेप्रवास सुमारे तीन तासांचा आहे. वाटेत मखन्लेथ स्थानकावर गाडीचे दोन भाग होतात आणि एक भाग ॲबरिस्टविथला जातो. म्हणून आमचा प्रतिनिधी सांगेल त्याच डब्यात बसावे. छोटी गाडी टाविनहून नांट ग्वेर्नोलपर्यंत सुमारे पावणेबारा किलोमीटर जाते आणि जाऊन-येऊन दोन तासांहून अधिक वेळ लागतो. नांट ग्वेर्नोल स्थानकाला मोटाररस्ताच नाही, फक्त पायवाट आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तेथे रेंगाळू नये. धबधबा पाहायचा असल्यास डोलगॉखला उतरावे, मात्र परतीच्या गाडीची वेळ गार्डला आधी विचारून घ्यावी.

मे महिन्यात नागपूर तापलेले असले, तरी तेथे स्वेटर आणि पावसाळी जाकीट लागतेच. कोळशाची काजळी उडते, म्हणून पांढरे कपडे टाळावेत. उपाहारगृहात चहा-केक सहज मिळतो. ज्यांना शाकाहारी जेवणाची काळजी वाटते त्यांनी सोबत चिवडा किंवा दशम्या ठेवाव्यात. नॅरोगेज संग्रहालय टाविनच्या स्थानकावरच आहे. मोतीबागेतील आपले संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथे अर्धा तास नक्कीच अपुरा पडेल.

स्वयंसेवकांना प्रश्न विचारण्यात संकोच करू नये, फक्त गाडी सुटण्याच्या घाईत ते टाळावे. तिकीट खिडकीवर ‘गिफ्ट एड’बद्दल विचारणा झाल्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण ती करसवलत केवळ ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांच्या देणगीवर संस्थेला मिळते. स्वखुशीने देणगी द्यायची असल्यास ती वेगळी देता येते. ती आमच्या सहलशुल्कात धरलेली नाही.