राज्य लाल, शहर निळं : अमेरिकेतल्या बंदुकांच्या आकड्यांचं भांडण आलं कुठून

ऑगस्ट २०२५ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड म्हणजे राखीव लष्करी दल उतरवलं, मग शिकागो, मेम्फिसची नावं घेतली, आणि लगेच डेमोक्रॅट गव्हर्नरांनी उलट लुइझियाना, मिसिसिपी या रिपब्लिकन राज्यांचे मर्डर रेट (दर लाख लोकांमागे खून) काढून दाखवले. एक बाजू म्हणते शहरं डेमोक्रॅट मेयर चालवतात म्हणून गोळीबार होतो, दुसरी म्हणते रिपब्लिकन राज्यांत बंदुकीचे कायदे ढिले आहेत म्हणून माणसं मरतात. हे भांडण नवं नाही, पण आजचं रूप त्याला २०२० नंतर आलंय.

२०२० मध्ये देशभरात खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, एका वर्षात एवढी वाढ आधी कधी नोंदलीच गेली नव्हती. आणि ती सगळीकडे झाली, डेमोक्रॅट मेयर असलेल्या शिकागोत झाली तशी रिपब्लिकन मेयर असलेल्या फोर्ट वर्थ आणि जॅक्सनव्हिलमध्येही झाली. तरी २०२२ मध्ये एका थिंक टँकने हिशोब मांडला की २०२० ला रिपब्लिकन उमेदवाराला मत देणाऱ्या राज्यांत खुनाचं प्रमाण डेमोक्रॅट राज्यांपेक्षा ४० टक्के जास्त आहे. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूच्या थिंक टँकचं उत्तर आलं, की त्या लाल (म्हणजे रिपब्लिकन) राज्यांतले खून होतात कुठे ते बघा, निळ्या (म्हणजे डेमोक्रॅट) शहरांतच होतात. मग पहिल्यांनी प्रत्येक लाल राज्यातलं सगळ्यात मोठं शहर वगळून हिशोब केला, तरी फरक पूर्ण गेला नाही. तेव्हापासून दोन्ही बाजू हेच कागद एकमेकांना दाखवतायत.

आता मुळात मोजतात काय, तर इथेच सगळा गुंता आहे. 'गन डेथ रेट' म्हणजे दर लाख लोकांमागे बंदुकीने झालेले मृत्यू, हे म्हटलं की आपल्याला खून वाटतात, पण २०२१ मध्ये बंदुकीने जे ४८,८३० लोक गेले त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणून वायोमिंगसारखं विरळ वस्तीचं, गुरं राखणाऱ्यांचं राज्य या यादीत वरच्या पाचांत येतं, तिथे खून फार होत नाहीत पण घरोघरी बंदूक आहे आणि एकटेपणा आहे. आत्महत्या वगळा, वायोमिंग खाली जातं. मिसिसिपी मात्र कसंही मोजा वरच राहतं, २०२१ मध्ये तिथे दर लाख लोकांमागे ३३.९ बंदूकबळी होते, मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४, न्यू जर्सीत ५ च्या आसपास. (न्यू जर्सीतल्या भाच्याला फोन करून 'तिकडे सांभाळून रहा रे' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा, अमेरिका हा एकच आकडा नाही.) ज्यांना कायद्यावर बोलायचंय ते आत्महत्या धरतात, ज्यांना गुन्हेगारीवर बोलायचंय ते वगळतात. मला स्वतःला वगळणं पटत नाही, कारण घरात हाताशी बंदूक असणं हा त्या मृत्यूंचा भाग आहेच. पण मग त्या आकड्यावरून 'इथे रस्त्यावर जास्त धोका' असं म्हणू नये.

वर आकडे दोन ठिकाणाहून येतात, एक मृत्यूच्या दाखल्यांवरून आणि एक पोलिसांकडून. २०२१ मध्ये पोलिसांच्या आकड्यांची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या पोलिसखात्यांचे आकडे त्या वर्षी आलेच नाहीत. म्हणजे भांडण सगळ्यात तापलेलं असताना राष्ट्रीय आकडाच अर्धवट. त्याआधी १९९६ मध्ये संसदेने आरोग्य खात्याच्या बजेटमध्ये एक ओळ घातली, की हा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही. संशोधनावर सरळ बंदी नव्हती पण सगळे घाबरले आणि दोन दशकांहून जास्त काळ सरकारी पैसा जवळपास आटला, २०२० च्या बजेटमध्ये पुन्हा सुरू झाला. माझ्या मते आजच्या अर्ध्या वादाचं मूळ या एका ओळीत आहे.

पण जबाबदार कोण हा प्रश्न नीट बघायचा तर शिकागो सोडून मिसूरी राज्यातलं सेंट लुइस बघावं. २०२० मध्ये तिथे २६३ खून झाले, वस्ती फक्त तीन लाख, म्हणजे दर लाखामागे ८७ च्या आसपास, शिकागोच्या तिप्पट. १९४९ पासून मेयर डेमोक्रॅट, म्हणजे केस बंद? तर नाही. एक तर हे शहर १८७६ मध्ये मतदान घेऊन आजूबाजूच्या काउंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) वेगळं झालं, त्या काउंटीत आज दहा लाख लोक राहतात, ते मोजणीत धरले तर हा रेट धाडकन खाली येतो. दुसरं म्हणजे बंदुकीचे कायदे मेयरच्या हातात नाहीतच, मिसूरी राज्य शहरांना स्वतःचे कायदे करू देत नाही. २००७ पर्यंत मिसूरीत हँडगन (पिस्तूल) घ्यायची तर शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, परमिट लागायचं, ते राज्याने काढून टाकलं, नंतर बंदुकीने होणारे खून वाढल्याचं संशोधकांनी दाखवलं. २०१६ मध्ये परमिटशिवाय बंदूक लपवून बाळगायची मोकळीक देणारा कायदा आला, गव्हर्नर तेव्हा डेमोक्रॅट होते, त्यांनी व्हेटो केला, विधिमंडळाने तो मोडून काढला.

याचा अर्थ काय होतो ते ऑक्टोबर २०२२ मध्ये सेंट लुइसमध्येच दिसलं. १९ वर्षांच्या एका मुलाला दुकानात बॅकग्राउंड चेकमध्ये (गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीच्या तपासणीत) रायफल नाकारली गेली, त्याने खासगी विक्रेत्याकडून घेतली. घरच्यांनी ती बघितली आणि स्वतः पोलिसांना बोलावलं, की ही घेऊन जा. मिसूरीत रेड फ्लॅग कायदा (धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा) नाही, म्हणजे कायद्याने जप्त करता येईना, म्हणून ओळखीच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवायला दिली. नऊ दिवसांनी तो मुलगा रायफल घेऊन आपल्या जुन्या शाळेत शिरला, ती तीच दिसते असं पोलिसांनी सांगितलं, एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी गेली. आता हे कुणाच्या खात्यात टाकायचं, मेयरच्या का राज्याच्या? मला तर उत्तर स्पष्ट वाटतं.

शिकागोचंही थोडं तसंच. हँडगन बंदी १९८२ ची, ती २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडली, आणि २०१७ च्या शहराच्या अहवालात गुन्ह्यांत सापडलेल्या ६० टक्के बंदुका राज्याबाहेरून आलेल्या निघाल्या, एकट्या शेजारच्या इंडियानातून २१ टक्के.

उलट बाजूलाही एक गोष्ट मान्य करावी लागते. दक्षिणेत खून जास्त हे १९ व्या शतकापासूनचं आहे, आणि तेव्हा तिथे शंभर वर्षं डेमोक्रॅटच सत्तेत होते, मिसिसिपीत तर १९९२ पर्यंत गव्हर्नर सलग डेमोक्रॅट. लुइझियाना १९८९ पासून बहुतेक वर्षं मर्डर रेटमध्ये पहिला, मधे २०१६ ते २०२४ गव्हर्नर डेमोक्रॅटच होते. गरिबी, वंशभेदाने पाडलेल्या वस्त्या, पोलिसांवर नसलेला भरवसा हे पक्षांपेक्षा जुनं आहे. २०२५ मध्ये एक अभ्यास आला, शेकडो शहरांच्या जवळपास तीन दशकांच्या निवडणुका तपासून, त्यात मेयर कुठल्या पक्षाचा यावरून गुन्ह्यांत फारसा फरक पडत नाही असं निघालं. दोन्ही बाजूंनी तो फारसा उचलला नाही.

सेंट लुइसमध्ये तर पोलीस कुणाचे हाच जुना वाद आहे. १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, दक्षिणेकडे झुकलेल्या गव्हर्नरने शहराचे पोलीस राज्याकडे घेतले, ते दीडशे वर्षं तसेच राहिले, २०१२ च्या मतदानानंतर २०१३ मध्ये शहराला परत मिळाले. मार्च २०२५ मध्ये राज्याने कायदा करून ते पुन्हा काढून घेतले, गव्हर्नरने नेमलेल्यांचं बहुमत असलेलं बोर्ड बसवलं, कारण दिलं वाढती गुन्हेगारी. त्याच्या आदल्या वर्षी शहरात १५० खून झाले होते, २०१३ नंतरचे सगळ्यात कमी.