भूमितीय सिद्धता, यंत्रकृत

भूमितीचे प्रश्न संगणकाकडून सोडवून घेण्याचे, त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल घडवण्याचे व तपासण्याचे तंत्र. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही शालेय मांडणी येथे गृहीत धरली आहे.

या विषयाचा आरंभ सामान्यतः १९५९ पासून धरतात. हर्बर्ट गेलर्न्टर यांनी आयबीएम ७०४ संगणकावरील आपल्या प्रमेययंत्राची (भूमितीची प्रमेये सिद्ध करणाऱ्या आज्ञावलीची) माहिती त्या वर्षी मांडली. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, हे या यंत्राने कोणतीही रचना न करता सिद्ध केले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्रिकोण अबक हा त्रिकोण अकब शी एकरूप आहे (अब = अक, अक = अब, कोन अ सामाईक), एवढ्यावर ती सिद्धता संपते; दुभाजक काढावाच लागत नाही. मुळात ती ग्रीक गणिती पॅपसची (इ. स. चौथे शतक), पुढे भाष्यकार प्रोक्लसने नोंदलेली. तिच्या यांत्रिक पुनर्शोधाचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य अभ्यासक मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५६ च्या सुमारास अशीच आज्ञावली कागदावर हाताने चालवून ती मिळवली, हा वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो. गेलर्न्टर यांचे निर्विवाद श्रेय वेगळे आहे: आकृतीत जे खोटे ठरते ते सिद्ध करायला त्यांचे यंत्र जातच नसे.

चिनी गणिती वू वेन-त्सुन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पक्ष व साध्य यांची बहुपदी समीकरणे करण्याची पद्धत दिली. ती बलवान आहे. पण तिची सिद्धता आकृतीवर बोट ठेवून वाचता येत नाही.

खरी अडचण रचनेची. नियमांनी निष्कर्ष काढणे यंत्राला जमते. कोणती नवी रेषा काढावी, हे नियम सांगत नाहीत. मुंबईत १९९६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा दुसरा प्रश्न याचे उत्तम उदाहरण आहे. त्रिकोण अबक च्या आत बिंदू प असा, की कोन अपब − कोन अकब = कोन अपक − कोन अबक. त्रिकोण अपब व अपक यांची अंतर्वर्तुळ-केंद्रे ड आणि इ. तर अप, बड, कइ एकसंपाती आहेत हे दाखवायचे. प मधून तिन्ही बाजूंवर लंब टाकले की लंबपादांचा त्रिकोण समद्विभुज निघतो, त्यातून अब : बप = अक : कप मिळते, आणि कोनदुभाजकाच्या प्रमेयाने काम होते. प्रश्नात लंबांचा उल्लेखही नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिंपियाड शिबिरांत येणाऱ्या मुलांची कसोटी हीच असते.

गूगल डीपमाइंडच्या अल्फाजिऑमेट्री या प्रणालीने (जानेवारी २०२४) यंत्राला रचना सुचण्याची ही दृष्टी शिकवण्याचा मार्ग काढला. माणसांनी लिहिलेल्या, यंत्राला वाचता येतील अशा सिद्धता फार थोड्या. म्हणून यादृच्छिक आकृत्यांतून निष्कर्ष काढून सुमारे १० कोटी उदाहरणे तयार केली. निष्कर्षाच्या विधानात न येणारे, पण सिद्धतेला लागणारे बिंदू मागे जाऊन हुडकले, तीच रचना. अशी सुमारे ९० लाख उदाहरणे होती. भाषा मॉडेल रचना सुचवते, नियमांचे यंत्र ती तपासते.

परीक्षण २००० पासूनच्या ऑलिंपियाडमधील ३० प्रश्नांवर झाले, २५ सुटले. त्यामुळे मुंबईचे प्रश्न या संचात नाहीत, आणि १९९६ चाच पाचवा प्रश्न, षट्कोनाची असमानता, या प्रणालीच्या भाषेत मांडताही येत नाही. तुलनेसाठी वू पद्धतीने सुटलेले १० प्रश्न धरले होते. नंतरच्या अभ्यासकांना त्याच पद्धतीने १५ सुटले. हा दुसरा आकडा मानणे न्याय्य ठरेल.

शालेय पातळीवरील चाचण्या बहुधा अंतिम उत्तरच पाहतात. दहावीच्या उत्तरपत्रिकेत पायरीला गुण असतात, तसे तेथे क्वचितच. मॅथव्हर्स (२०२४) या चाचणीत एकच प्रश्न सहा रूपांत देतात. मजकुरातील माहिती कमी करून ती आकृतीवर सोपवतात. काही मॉडेलांचे गुण आकृती काढून घेतल्यावर वाढले, म्हणजे ती आकृती वाचतच नव्हती. इतर प्रश्नसंचांपैकी जिऑमेट्री-३के इंग्रजीत, जिओक्यूए चिनी शालेय प्रश्नांवर आधारलेला. मराठी माध्यमाचे ‘गणित भाग २’ यांपैकी कशातच नाही.