२४ तासांची मावशी ठेवली, मग आजोबांनी नुसतं पडून राहायचं?

"डोक्याला मार लागलाय, आता पूर्ण आराम, सगळं मावशी करतील." मेंदूच्या दुखापतीनंतर घरी आलेल्या आजोबांबद्दल हे हमखास ऐकू येतं. यात माया आहे, पण समज चुकीचा आहे. मेंदू सरावातूनच नव्या जोडण्या घडवतो. डॉक्टरांनी हालचालीची परवानगी दिली की मावशींनी भरवण्यापेक्षा चमचा आजोबांच्या हातात द्यावा, मनगटाला आधार द्यावा आणि थांबावं. शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत! (गिळताना ठसका लागत असेल, तर आधी स्पीच थेरपिस्टना, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञांना विचारा.) पडून राहिल्याने स्नायू झिजतात, बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात, न्यूमोनियाचा धोका वाढतो. ६ महिन्यांनंतर सुधारणा थांबते, हेही खरं नाही. वेग मंदावतो, इतकंच.